किलोमीटरच्या दगडाचा रंग

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर आपण गावाचं नाव वाचतो, आकडा वाचतो आणि पुढे जातो. त्याच्या डोक्याला दिलेल्या रंगाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खालचा भाग सगळ्यांचाच पांढरा. डोकं मात्र राष्ट्रीय महामार्गावर पिवळं, राज्य महामार्गावर हिरवं, जिल्हा मार्गावर काळं किंवा निळं आणि ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांवर नारिंगी. मोटारीत बसलेल्या माणसाला या रंगाचा काही उपयोग नाही. सायकलवर बसलेल्याला मात्र पुढचा तास कसा जाणार हे तो रंग बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. पिवळ्या दगडाच्या रस्त्यावर कानात हॉर्न आणि ट्रकची घरघर. काळ्या दगडाच्या रस्त्यावर स्वतःच्या सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू येतो. सायकलने आनंदात फिरायचं असेल तर मार्ग ठरवताना आधी रस्त्याचा वर्ग पाहावा, मग चढ, मग दिवस आणि वेळ, आणि अंतर सगळ्यांत शेवटी, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. आधी ‘शंभर किलोमीटर करायचे’ असं ठरतं, मग ठिकाण ठरतं, आणि रस्ता जो समोर येईल तो.

रस्त्यांची ही प्रतवारी जुनी आहे, आणि तिचं मूळ महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. तिने आखलेला आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे रस्ते आणि गावचे रस्ते अशी विभागणी तिथे झाली, आणि आजही थोड्याफार फरकाने तीच चालते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पाट्यांवर दिसणारं ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, ‘इजिमा’ म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि ‘ग्रामा’ म्हणजे ग्रामीण मार्ग. प्रजिमापर्यंतचे रस्ते साधारणपणे बांधकाम विभागाकडे, तर इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पूर्वी मुरमाचे असलेले कितीतरी रस्ते डांबरी झाले. हा बदल सायकलवाल्यांनी अजून पुरता हेरलेला नाही. तीसेक वर्षांपूर्वी बारीक टायरच्या सायकलला महामार्गाशिवाय फारसा पर्याय नव्हता. आज प्रत्येक तालुक्यात गाड्या कमी आणि डांबर बरं, असे रस्ते आहेत. तरी आपली पावलं जुन्या सवयीने मोठ्या रस्त्याकडेच वळतात.

मोठा रस्ता टाळावा, हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं गेली. यांतले 36 टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर, 24 टक्के राज्य महामार्गांवर झाले. हे दोन्ही मिळून देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत पाच टक्क्यांच्या आसपास भरतात. म्हणजे साठ टक्के मृत्यू पाच टक्के रस्त्यांवर. यावर कुणी रास्त हरकत घेईल की महामार्गांवर वाहतूकही कितीतरी पट असते, त्यामुळे लांबीशी तुलना करणं बरोबर नाही. हरकत मान्य करून तोच अहवाल दुसऱ्या बाजूने वाचावा. राष्ट्रीय महामार्गांवर दर शंभर अपघातांमागे चाळीस माणसं दगावली; महामार्ग सोडून इतर रस्त्यांवर हाच आकडा तेहेतीसच्या आसपास आहे, आणि त्या ‘इतर’ रस्त्यांत गर्दीच्या शहरांतले रस्तेही आले. वाहतूक कमी-जास्त असण्याशी या गुणोत्तराचा संबंध नाही. त्याच्या मागे प्रामुख्याने वेग आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि सायकलवाल्याभोवती ती झेलायला पत्राही नसतो.

‘पण महामार्गाला रुंद साईडपट्टी असते, गावच्या रस्त्यावर गाडी अंगावरून जाते’ असं अनुभवी मंडळीही सांगतात. हा युक्तिवाद वरवर खरा वाटतो. साईडपट्टी असते, पण तिच्यावर काय काय असतं तेही पाहायला हवं: फुटलेल्या टायरच्या तारा, काचा, उभे ट्रक, उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, आणि ढाब्याशी वळणारी प्रत्येक गाडी. टायरमधली ती बारीक तार हे महामार्गावरच्या पंक्चरचं फार मोठं कारण आहे. शिवाय साईडपट्टी पुलावर आणि बोगद्यात एकाएकी संपते, आणि सायकलस्वार ऐन वेगाच्या लोंढ्यात ढकलला जातो. गावच्या रस्त्यावर गाडी जवळून जाते हे खरं, पण ती तीस-चाळीसच्या वेगाने जाते, आणि तासाला दहा-वीस गाड्यांच्या वर सहसा नसतात. तिथे धोका वेगळा आहे: आंधळं वळण, डांबराची खचलेली कड, रंग न दिलेले गतिरोधक. हे सगळे धोके सायकलवाल्याला आपला वेग आवरून टाळता येतात. महामार्गावरचा धोका मागून येतो, आणि त्यावर त्याचा काहीच इलाज चालत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाईच आहे. ती नसती तरी तिथे जाऊ नये असंच म्हटलं असतं.

असे रस्ते शोधायचे कसे? मोबाइलमधला नेहमीचा नकाशा मोटारीसाठी आणि मोटारसायकलसाठी विचार करतो. दोन गावं दिली की सगळ्यांत कमी वेळाचा रस्ता पुढे ठेवतो, आणि तो हमखास पिवळ्या नाहीतर हिरव्या दगडाचा असतो. म्हणून त्याला मार्ग विचारू नये, त्याच्यावरच्या रेघा वाचाव्यात. नकाशा मोठा करत नेला की ठळक रस्त्यांच्या मधल्या जागेत बारीक पांढऱ्या-राखाडी रेघांचं जाळं दिसू लागतं, आणि आपला मार्ग त्याच जाळ्यात असतो. मग उपग्रहचित्रावर जावं. डांबरी रस्ता करडा आणि एकसारख्या रुंदीचा दिसतो, कच्चा रस्ता तांबूस आणि कमी-जास्त रुंदीचा. मधे ओढा असेल तर त्यावर पूल आहे की नुसती फरशी, तेही बहुधा कळतं. सायकलस्वारांच्या वापरातल्या स्ट्राव्हासारख्या ॲपवर, लोक कुठल्या रस्त्यांवरून सायकल चालवतात ते रंगाने दाखवणारा नकाशा असतो. एखाद्या आडरस्त्यावर त्यात ठसठशीत रेघ दिसली, तर तो रस्ता सायकलला चालतो एवढं नक्की. उलट नियम मात्र लावू नये. रेघ नाही म्हणून रस्ता वाईट असं नाही. पुण्या-मुंबईपासून दूर चांगले रस्ते असतात, त्यांवरून सायकल नेऊन ते ॲपवर नोंदवणारे कमी असतात. आणि या सगळ्या यंत्रांच्या आधीचा एक साधा पुरावा म्हणजे एसटी. ज्या गावाला दिवसातून दोन-तीन वेळा एसटी जाते, तिथला रस्ता बाराही महिने बरा ठेवावा लागतो, आणि त्याच्या फाट्यावर चहाची टपरी असतेच.

रस्त्याचा वर्ग ठरला की चढाचा हिशेब. इथे पुष्कळांची गफलत होते, कारण अंतराचा आकडा डोळ्यासमोर असतो आणि चढाचा नसतो. थोडं गणित करून पाहू. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरलं, तर ते 100 मीटर वर न्यायला सुमारे 78,000 ज्यूल ऊर्जा लागते. सवय असलेला साधा माणूस तासन्‌तास 120 वॉटच्या आसपास शक्ती लावू शकतो. त्या हिशेबाने 100 मीटरच्या चढाला अकरा मिनिटं लागली. सपाटीवर एवढ्याच ताकदीत तो तासाला पंचवीस किलोमीटरच्या आसपास गेला असता. तेव्हा मार्ग आखताना सपाटीचा वेळ काढावा आणि त्यात चढाच्या प्रत्येक शंभर मीटरला दहा मिनिटं मिळवावीत. उतारावर ती परत मिळतील या आशेवर राहू नये. आपल्या घाटांत वळणं, वाळू आणि समोरून येणारी एसटी असताना उतारही सावकाशच उतरावा लागतो. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रकारात 200 किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे धरून तासाला साधारण 15 किलोमीटर. तयारीने उतरणाऱ्यांसाठीची ही मुदत आहे. मौजेसाठी निघालेल्याने सगळे थांबे धरून तासाला बारा-तेरा धरावेत. दिवस हातात राहतो.

कोकणच्या किनाऱ्याचं उदाहरण घेतलं की हा हिशेब नीट उलगडतो. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असा समज असतो. प्रत्यक्षात रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जाणारा रस्ता खाडी आणि सडा यांच्या मधून सारखा वर-खाली होत राहतो. खाडीच्या पाण्याशी असलेलं गाव सोडलं की जांभ्या दगडाचा खडा चढ, वर काही किलोमीटर उघडा माळ, आणि परत पुढच्या खाडीला उतार. हे चढ नावारूपाला आलेले नाहीत, त्यांना कुणी घाट म्हणत नाही, पण ते तीव्र आहेत आणि संपता संपत नाहीत. या रस्त्यावर ऐंशी किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढ सहज होतो. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट बारा किलोमीटरच्या आसपास आहे आणि साडेपाचशे ते सहाशे मीटर चढवतो, तोही एकसारख्या, सुबक चढाने. म्हणजे किनाऱ्यावरचा एक ‘सपाट’ दिवस जवळजवळ दोन पसरणी घाटांच्या तोडीचा. हे आधी माहीत असेल तर दिवसाला साठ किलोमीटरच ठरवावेत, आणि मग तोच रस्ता महाराष्ट्रातला सगळ्यांत सुंदर सायकलमार्ग ठरतो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या ‘जंगलजेट्टी’ म्हणवणाऱ्या बोटींनी खाडी ओलांडताना मिळणारी दहा-वीस मिनिटांची विश्रांतीही त्या आखणीत धरलेली असावी. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं, कारण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि पाठीशी राहतो.

देशावर, घाटमाथ्याच्या पूर्वेला, चढ ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. इथल्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला किंवा आग्नेयेला जातात, आणि दोन नद्यांच्या मधे डोंगराच्या रांगा तशाच समांतर पसरलेल्या असतात. नदीच्या कडेकडेने जाणारा रस्ता मवाळ, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणारा रस्ता खिंडीचा. नकाशावर निळ्या रेघांच्या सोबतीने जायचं की त्यांना आडवं छेदायचं, यावरून दिवसाचे कष्ट ठरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणातले नकाशे आता सर्वांना उतरवून घेता येतात. त्यांत दर वीस मीटरला एक समोच्च रेषा असते. रस्त्याने किती रेषा ओलांडल्या ते मोजलं की चढ कळला. हे काम आता यंत्र क्षणात करून देतं. पण एकदा तरी हाताने करून पाहावं, डोळ्याला भूगोल वाचायची सवय लागते.

हे सगळं एका प्रत्यक्ष मार्गावर लावून पाहू. पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला, तिथून डोणजे आणि पानशेतच्या रस्त्यावरचं खानापूर. खानापूरला डावीकडे वळून रांजणे आणि पाबे खिंड. खिंडीतून उतरून विंझर, मार्गासनी, नसरापूर. चेलाडी फाट्याला महामार्ग, आणि शिंदेवाडीवरून जुन्या कात्रज घाटाने परत पुण्यात. शंभर किलोमीटरच्या आसपास होतात. ही फेरी दोन्ही दिशांनी करता येते, आणि नकाशाच्या लेखी दोन्ही सारख्याच. सायकलवाल्याच्या लेखी त्या अजिबात सारख्या नाहीत. रविवारी सकाळी आठनंतर सिंहगड रस्त्यावर गडाकडे आणि धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते, म्हणून तो टप्पा पहाटेच संपवलेला बरा. पश्चिम-नैर्ऋत्येकडे निघालं की उगवता सूर्य पाठीशी असतो. हा मुद्दा फक्त आपल्या डोळ्यांच्या सोयीचा नाही: पूर्वेकडे तोंड करून चाललेल्या सायकलस्वाराच्या मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं, आणि त्याला पुढची सायकल दिसत नाही. पाबे खिंडीचा खडा चढ सकाळच्या गारव्यात होतो. वर पोचल्यावर दक्षिणेला उतरताना उजव्या हाताला तोरणा आणि डाव्या हाताला राजगड समोर उभे राहतात. उलट दिशेने आलं असतं तर ते पाठीमागे राहिले असते. आता उरतो महामार्गाचा तुकडा. तो पंधरा-वीस किलोमीटरचा आहे, रुक्ष आहे, आणि या फेरीतली ही खरी खोट आहे. पण रविवारी सकाळी गाड्यांचा लोंढा पुण्याहून साताऱ्याकडे असतो आणि संध्याकाळी तो परततो. म्हणून दहा-अकराच्या आत चेलाडी गाठलं तर पुण्याकडे येणारी बाजू त्यातल्या त्यात मोकळी मिळते, आणि जमेल तिथे सेवारस्ता धरता येतो. ज्यांना तेवढाही महामार्ग नको, त्यांनी विंझरहून आल्या वाटेने माघारी फिरावं किंवा चेलाडीहून टेम्पोत सायकल घालावी. यात कमीपणा काही नाही.

या फेरीतून एक सार्वत्रिक नियमही निघतो. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात, म्हणून वर्तुळाकार मार्ग घड्याळाच्या उलट दिशेने आखला की बहुतेक वळणं डावीकडची येतात. उजवीकडे वळायला समोरची वाहतूक ओलांडावी लागते, डावीकडे वळताना नाही. एवढ्या साध्या गोष्टीने दिवसातले दहा-बारा धास्तीचे क्षण वाचतात.

मार्ग चांगला असून दिवस चुकला तर सगळं मुसळ केरात. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. त्या काळात कारखान्याच्या पंचक्रोशीतले एरवीचे शांत प्रजिमा दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या चिपाडांवर चाक घसरतं. दिवेलागणीनंतर अशा रस्त्यावर असू नये. आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा असतो. पावसाळ्यात ताम्हिणी, माळशेज, लोणावळा ही नावं मोहात पाडतात, पण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा असतात आणि दरडींचं भय असतं. वरंधा घाट तर पावसाळ्यात पुष्कळदा बंदच असतो. आठवडे बाजाराचा वार कोणता, हे विचारून घ्यावं. बाजाराच्या गावात सकाळी दहानंतर सायकल हातात धरून चालावं लागतं. वाऱ्याचंही तसंच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जून ते सप्टेंबर देशावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. तेव्हा जाताना पश्चिमेकडे जावं आणि दमलेल्या पायांनी परतताना वारा पाठीशी घ्यावा. महाराष्ट्रात सायकलिंगला सगळ्यांत देखणे दिवस कोणते, असं विचारलं तर पाऊस ओसरल्यापासून ऊसतोड सुरू होईपर्यंतचे चार-सहा आठवडे, असं मी सांगेन. खड्डे तेव्हा सर्वाधिक असतात हे मान्य करूनही.

आडरस्त्यांवर एक गंभीर हरकत येते, आणि ती बहुधा स्त्रियांकडून येते: निर्जन रस्ता कसला आनंदाचा? ही हरकत नकाशाच्या भाषेत समजून घ्यायला हवी, झटकून टाकायला नको. कमी वाहतूक आणि निर्जनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर दोन-तीन किलोमीटरला वाडी-वस्ती, शाळा, दूध संकलन केंद्र असलेला रस्ता गाड्यांच्या हिशेबाने रिकामा असतो, पण माणसांच्या हिशेबाने जागा असतो. सकाळी सहा ते नऊ या वेळात तर डेअरीला दूध घालणारे, शाळेची मुलं, शेतावर निघालेल्या बाया यांची सतत ये-जा असते. याउलट जंगलातला घाट किंवा धरणामागचा रस्ता दृष्टीला कितीही सुंदर असला तरी तिथे मदत तासाभरावर असते. म्हणून मार्ग आखताना गावांमधलं अंतर मोजावं, मोबाइलची रेंज कुठे जाते ते विचारावं, आणि लांबच्या निर्मनुष्य टप्प्यावर सोबत असावी. हे पुरुषांनाही लागू आहे. चेन तुटली की सगळे सारखेच. कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे. वस्तीजवळ वेग कमी करावा, अंगावर आलं तर खाली उतरून सायकल मधे धरावी आणि चालत पुढे जावं. पळणाऱ्या चाकामागे कुत्रं धावतं, थांबलेल्या चाकाशी त्याचं फारसं वैर नसतं.

‘एवढं आखून निघायचं तर भटकण्यातली गंमतच गेली’ असंही कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. ज्याने नकाशा वाचलेला नाही, त्याला ठरलेल्या रस्त्यावरून हलायची भीती वाटते. एखादा फाटा खुणावत असला तरी तो पुढे कुठे निघतो हे माहीत नसल्यामुळे तो सरळच जातो. ज्याला आजूबाजूची खोरी, खिंडी आणि फाटे ठाऊक आहेत, तो मनात येईल तिथे वळू शकतो. आखणीत म्हणूनच दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात: मार्गाच्या प्रत्येक तिसऱ्या हिश्श्यावर माघार घ्यायची एक जागा, जिथून एसटी, रेल्वे किंवा टेम्पो मिळेल, आणि उन्हाळ्यात दर पंधरा किलोमीटरला पाणी. बाकीचं मोकळं सोडावं. टायरच्या रुंदीचाही इथेच विचार व्हावा. पंचवीस मिलिमीटरचा टायर गुळगुळीत डांबरावर छान पळतो, पण आपल्या प्रजिमांवर बत्तीसचा टायर, थोड्या कमी हवेने, खडी आणि ठिगळं पचवून घेतो. सायकलला तो बसत असेल तर जरूर बसवावा. त्यानेच निम्मे आडरस्ते खुले होतात.

ही पद्धत पुण्यापुरती नाही. कोल्हापूरहून राधानगरीकडे किंवा गगनबावड्याकडे, नाशिकहून गंगापूर धरणाच्या काठाने, छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद आणि खुलदाबादमार्गे वेरूळला, नागपूरहून रामटेकच्या बाजूला, प्रत्येक ठिकाणी मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या आणि नारिंगी दगडांचं जाळं आहे. गोव्यात किनाऱ्यावरची गर्दी सोडून फेरीबोटीने दिवाडी आणि चोडण बेटांवर उतरलं की सायकलसाठीच केलेले वाटावेत असे अरुंद, सपाट रस्ते मिळतात.

या जाळ्याला नुसती ओळख मिळाली तरी काय होऊ शकतं, याचं उदाहरण बेल्जियममध्ये आहे. तिथल्या लिम्बर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यानंतर हुगो बोलेन या खाण अभियंत्याने एक साधी कल्पना मांडली. खाणीतल्या बोगद्यांच्या नाक्यांना क्रमांक असत, त्यावरून कामगार वाट काढत. तसेच क्रमांक जमिनीवरच्या सायकलरस्त्यांच्या नाक्यांना द्यायचे. 1995 मध्ये त्याची सुरुवात झाली. आता तिथला माणूस चिठ्ठीवर चार-पाच आकडे लिहून घेतो आणि नकाशाशिवाय दिवसभर फिरतो. ही पद्धत पुढे बेल्जियमच्या इतर भागांत आणि नेदरलँड्समध्ये पसरली. नवे रस्ते बांधण्यावर ती उभी नव्हती. असलेल्या शांत रस्त्यांना पाट्या लावल्या, हा तिचा गाभा होता. आपल्याकडे तर नाक्यांना क्रमांक द्यायचीही गरज नाही. त्यांना आधीच नावं आहेत, आणि ती लोकांच्या तोंडात आहेत: चेलाडी फाटा, डोणजे फाटा, मार्गासनी फाटा. फाट्याफाट्यावर सायकलची खूण, पुढच्या दोन फाट्यांची नावं, अंतर आणि चढ एवढं लिहिलेली पाटी जिल्हा परिषदेने लावली, तरी शनिवार-रविवारी निघणारी माणसं महामार्गावरून आपोआप आत वळतील, आणि त्यांच्या चहा-मिसळीचे पैसे गावात राहतील. सायकल गटांनी आपापल्या तालुक्यापुरती अशी यादी करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागापुढे ठेवावी. काम आवाक्यातलं आहे. बोलेन यांचं पहिलं जाळं ज्या लिम्बर्गमध्ये उभं राहिलं, त्या प्रांताचं क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं आहे.